लंगडी, लगोरी आणि हाडांची ठेव

कणकवलीच्या बाजारपेठेत किराण्याची घाऊक पेढी असलेले एक जैन कुटुंब दर वर्षी मे महिन्यात दोन दिवस कुणकेश्वरला जाते. देवगड तालुक्यातील हे गाव समुद्रकाठच्या शिवमंदिरासाठी आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. परंतु या कुटुंबाला ओढ असते ती मंदिराला लागून पसरलेल्या लांबरुंद पुळणीची. या देवळाची एक आख्यायिकाही त्या घरी आवडीने सांगितली जाते. वादळात सापडलेल्या एका परदेशी व्यापाऱ्याने किनाऱ्यावरचा मिणमिणता दिवा पाहून नवस केला, गलबत सुखरूप किनाऱ्याला लागले, आणि त्याने दिलेला शब्द पाळून देवळाचे बांधकाम करून दिले, अशी ती कथा. शब्द पाळणारा व्यापारी कोणत्याही धर्माचा असो, पेढीवर बसणाऱ्यांना तो जवळचा वाटतो.

यंदाच्या खेपेला आजी बरोबर नव्हत्या. फाल्गुनात देरासराची पायरी उतरताना त्या पडल्या. पडणे ते केवढे? एका पायरीचे. पण खुब्याचे हाड मोडले आणि कोल्हापूरला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. शस्त्रक्रियेनंतर अस्थिरोगतज्ज्ञ आजोबांना म्हणाले, "शेठजी, हाड मोडले ते या वर्षी, पण त्यात भर कमी पडली असेल ती साठ वर्षांपूर्वी." जमाखर्चात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या मनात असे वाक्य रुतून बसते. इतक्या जुन्या खात्याची बाकी इतक्या वर्षांनी निघते, ही गोष्ट त्यांना कोणी कधी सांगितलीच नव्हती.

कुणकेश्वरच्या पुळणीवर त्या वाक्याची पुन्हा आठवण झाली. पाच वर्षांचा नातू पन्नास पावले चालला आणि हात वर करून उभा राहिला. "आजोबा, मला उचलून घ्या ना, पाय दुखतात." ओहोटीने ओल्या झालेल्या घट्ट वाळूवर गावातली त्याच्याच वयाची मुले काठीने चौकोन आखून लंगडी खेळत होती. नातवाला त्यांच्यात सोडण्यात आले, तेव्हा एका पायावर त्याला तीन उड्याही धड घेता आल्या नाहीत. सूनबाई धावत आल्या. "पप्पा, त्याला सवय नाही. पडेल तो." आजोबा काही बोलले नाहीत. घर पेढीच्या वरच्या मजल्यावर, खाली दिवसभर टेम्पोंची ये-जा, शाळेला जायला व्हॅन, आल्यावर शिकवणी, आणि मग हाती मोबाईल. सवय लागणार तरी कुठून?

परतल्यावर त्यांनी पहिले शहाणपणाचे काम केले ते म्हणजे नातवाला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. मुडदूस नव्हता, पायांना बाक नव्हता, रक्तात 'ड' जीवनसत्त्व मात्र कमी होते. त्यासाठी औषध मिळाले. पाय का दुखतात, या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनी अगदी साधे दिले: वापरलेच नाहीत म्हणून.

व्यापारी घरांमध्ये लहान मुलांची हाडे हा विचार करण्याचा विषय आहे, असे फारसे कोणी मानत नाही. वजन वाढते आहे, उंची वाढते आहे, दूध पितो आहे, एवढ्यावर समाधान असते. हाड म्हणजे भिंतीतल्या लोखंडी सळईसारखी निर्जीव वस्तू, एकदा घातली की संपले, अशी समजूत त्यामागे असते. वस्तुस्थिती अगदी वेगळी आहे. हाड हे जिवंत ऊतक आहे. त्यात जुना भाग झिजवून काढणाऱ्या पेशी आहेत आणि नवा भाग बांधणाऱ्याही आहेत. दोघींचे काम जन्मभर अखंड चालू असते. बालपणी व किशोरवयात बांधणीची बाजू वरचढ असते, तारुण्यात दोन्ही बाजू जवळपास सारख्या होतात, आणि पुढे झीज वाढत जाते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतरची काही वर्षे ही झीज फार वेगाने होते. प्रौढ वयात जो जास्तीत जास्त साठा असतो, त्याचा सुमारे ९० टक्के भाग अठराव्या वर्षाच्या आसपास भरून झालेला असतो. त्यातही उंची झपाट्याने वाढण्याच्या सुमारास जी दोन वर्षे येतात, मुलींमध्ये साधारण बाराच्या व मुलांमध्ये चौदाच्या आगेमागे, त्या दोनच वर्षांत एकूण साठ्याचा सुमारे चौथा हिस्सा जमा होतो, असे कॅनडातील सस्कॅचेवान येथे मुलांना वर्षानुवर्षे तपासून आढळले. त्यानंतर खात्यात जमा होते ती अगदी किरकोळ, आणि काढणे सुरू होते ते थांबत नाही.

बँकेत मुदत ठेवीवर पाव टक्का जास्त मिळावा म्हणून चार ठिकाणी चौकशी करणाऱ्या घरांनी पुढचा आकडा लक्षात ठेवावा. तारुण्यातील हाडांची घनता सरासरीपेक्षा दहा टक्के अधिक असेल, तर हाडे ठिसूळ होण्याचा विकार सुमारे तेरा वर्षे पुढे ढकलला जाऊ शकतो, असा एक गणिती अंदाज २००३ मध्ये मांडला गेला. अंदाजच तो, प्रत्यक्ष हमी नव्हे. तरीही पासष्टाव्या वर्षी मोडणारा खुबा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत टिकणे म्हणजे काय, हे ज्या घरात एखादी आजी वॉकर घेऊन चालते त्या घराला समजावून सांगावे लागत नाही.

हाडांची ही भरणी दोन गोष्टींनी होते: माल आणि मागणी. माल म्हणजे कॅल्शियम, प्रथिने, 'ड' जीवनसत्त्व. मागणी म्हणजे हाडावर पडणारा भार. जर्मन शस्त्रवैद्य ज्युलियस वोल्फ याने १८९२ मध्येच मांडले होते की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची आतली रचना बदलत जाते. हाडाच्या आत खोलवर बसलेल्या पेशी अतिसूक्ष्म नलिकांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. पाऊल आपटले की हाड किंचित वाकते, नलिकांमधला द्रव हलतो, आणि पेशींना निरोप मिळतो की येथे बळकटी हवी. निरोपच आला नाही, तर गोदामात कितीही माल येऊन पडो, तो उचलला जात नाही. अंतराळवीरांना तिथे भरपूर आहार मिळतो, पण शरीराचे वजनच जाणवत नाही; त्यामुळे खुब्याच्या हाडातील घनता दर महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का कमी होते. उलट, टेनिस खेळणाऱ्यांच्या ज्या हातात रॅकेट असते त्याची हाडे दुसऱ्या हातापेक्षा जाड असतात. एकाच शरीरातील दोन हात, अन्न तेच, रक्त तेच. फरक फक्त कामाचा. फिनलंडमधील संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवले की ज्या मुलींनी वयात येण्यापूर्वी खेळायला सुरुवात केली त्यांच्यात दोन हातांमधला हा फरक, उशिरा सुरुवात करणाऱ्यांपेक्षा दुपटीने अधिक होता.

जैन वाचकाला येथे एका जुन्या शब्दाची आठवण होणे स्वाभाविक आहे. कर्मग्रंथांत नामकर्माच्या प्रकृती सांगताना संहननाचे सहा प्रकार दिले आहेत. संहनन म्हणजे हाडांच्या सांध्यांची व बंधनांची दृढता. वज्रऋषभनाराच हे सर्वांत दृढ, ते तीर्थंकरांचे. आणि शेवटचे सेवार्त, ज्यात हाडे केवळ एकमेकांना टेकलेली असतात, ते सध्याच्या पंचम आऱ्यातील माणसांचे. मोक्षमार्गाचा विचार करणाऱ्या शास्त्राला हाडांच्या बळकटीची नोंद घ्यावीशी वाटली, ही लहान गोष्ट नाही. तपाला देह लागतो, आणि देहाला सांगाडा. आता कोणी म्हणेल, नामकर्मानेच ठरले आहे तर लंगडी खेळून काय होणार? आधुनिक वैद्यकही पुष्कळसे तसेच म्हणते: माणसाच्या हाडांचा कमाल साठा किती असेल यातील साठ ते ऐंशी टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. पण जैन दर्शनाने कार्याची कारणे सांगताना काल, स्वभाव, नियती आणि कर्म यांच्या जोडीला पुरुषार्थही ठेवला आहे. उरलेला वीस ते चाळीस टक्के वाटा त्या पाचव्याचा. व्यापारात एवढा फरक पडला तर पेढी बुडते किंवा तरते.

लहान मुलांच्या बाबतीत हा पुरुषार्थ कितपत फळतो, याचे दोन पुरावे विशेष महत्त्वाचे आहेत. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने पाच वर्षांच्या मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारी छोटी यंत्रे बांधली आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांची हाडे तपासली. पाचव्या वर्षी जी मुले सर्वांत अधिक धावतपळत होती, त्यांच्या हाडांतील खनिजांचा साठा आठव्या आणि अकराव्या वर्षीही इतरांपेक्षा अधिक निघाला. आणि मधल्या काळात कोण किती खेळले याचा हिशेब वजा केल्यावरही बालवयातल्या खेळाचा लाभ शिल्लक राहिला. दुसरा पुरावा ओरेगॉन राज्यातला, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला. सहा ते दहा वर्षांच्या ८९ मुलामुलींचे दोन गट केले. एका गटाने आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी शंभर, अशा ६१ सेंटिमीटर उंचीच्या ठोकळ्यावरून दोन्ही पायांवर उड्या मारल्या. दुसऱ्याने केवळ अंग ताणण्याचे व्यायाम केले. सात महिन्यांनी उड्या मारणाऱ्यांच्या खुब्याजवळील हाडातील खनिजे दुसऱ्या गटापेक्षा साडेचार टक्क्यांनी आणि कण्याच्या खालच्या भागातील तीन टक्क्यांनी अधिक भरली. प्रत्येक उडीत जमिनीकडून येणारा आघात शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट होता. ही शाळेच्या देखरेखीखालील योजना होती. घरी स्टुलावरून मुलांना उड्या मारायला लावणे हा त्याचा अर्थ नव्हे, आणि पाच वर्षांच्या मुलाला तितक्या उंचीची गरजही नाही. चालताना हाडांवर वजनाइतका किंवा त्याहून थोडा अधिक भार येतो, धावताना दुप्पट-तिप्पट, उडीत त्याहूनही जास्त. एवढे समजले तरी पुरे.

आणि हे समजल्यावर लंगडीकडे पुन्हा पाहावे. एका पायावर, संपूर्ण वजन घेऊन, दिशा बदलत, थांबत, पुन्हा उसळत. हाडाला नेमके हेच हवे असते. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले की एकसारखा भार देत राहिले तर काही डझन आवर्तनांनंतर हाडातल्या पेशी बधिर होतात, मध्ये विसावा दिला की पुन्हा सावध होतात. म्हणजे तासभर संथपणे चालण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांचे धडपडीचे खेळ दिवसातून तीनदा झाले तर हाडांना त्यातून अधिक मिळते. लगोरीत चेंडू चुकवताना, आट्यापाट्यांत हुलकावणी देताना, सुरपारंब्यांत फांदीवरून खाली झेप घेताना, दोरीवरच्या उड्यांत, खो-खोमध्ये बसल्या जागेवरून उसळताना हेच घडते. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधून दिले, तेव्हा तिथे कोणाच्या मनात हाडांतील पेशी नव्हत्या. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले तेव्हाही नव्हत्या. मुलींसाठी झिम्मा, फुगडी आणि जैन घरांत हमखास असणारा गरबा. गरब्यातील टाळीबरोबर घेतलेली उडी ही चांगली गोष्ट आहे. ती नवरात्राच्या नऊ रात्रींपुरती राखून ठेवण्याचे काही कारण नाही.

पोहणे आणि सायकल यांचे स्थान वेगळे. हृदयाला, फुप्फुसांना, स्नायूंना दोन्ही उत्तम. पण पाण्यात शरीर तरंगते आणि सायकलवर बसून असते, त्यामुळे हाडांना निरोप पोहोचतो तो फारच क्षीण. मुलाला पोहण्याच्या शिकवणीला घातले की व्यायामाचे खाते पूर्ण झाले, असे समजणाऱ्या पालकांनी त्यात धावण्याची एक ओळ वाढवावी. कुणकेश्वरसारख्या ठिकाणी वाळूतही फरक आहे. वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो, आघात जिरतो, पोटऱ्यांना मात्र भरपूर काम मिळते; पाण्याच्या कडेची ओली वाळू घट्ट असते, तेथे धावल्याउडल्याचा लाभ हाडांना अधिक. गावची मुले लंगडी तेथेच आखतात. समुद्र खवळलेला असतो तेव्हा मात्र मुलांना पाण्यापासून लांबच ठेवावे.

धर्मक्रियेतही शरीराला पुष्कळ हालचाल आहे, ती मुलांच्या वाट्याला येते की नाही हे पाहण्यासारखे आहे. खमासमणे देताना उभे राहून पंचांग नमवायचे आणि पुन्हा उठायचे. पंचपरमेष्ठींच्या १०८ गुणांचे १०८ खमासमणे देणाऱ्या श्राविकेच्या मांड्यांना वेगळ्या बैठका काढाव्या लागत नाहीत. साधू-साध्वी अनवाणी विहार करतात, तो तर चातुर्मास सोडून वर्षभराचा. शत्रुंजयाच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्या चढणे हा श्वास वाढवणारा व्यायाम, आणि उतरणे हा हाडांवर भार टाकणारा. तिथे सहा-सात वर्षांची धडधाकट मुले डोलीत बसवून नेलेली दिसतात. वृद्धांसाठी, आजाऱ्यांसाठी डोली समजण्यासारखी आहे. पण ज्याला घरी सोफ्यावरून उड्या मारू नकोस म्हणून दिवसातून दहा वेळा रागवावे लागते, त्याला डोलीत कशासाठी बसवायचे?

वय अगदी लहान असेल तर प्रमाण वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या. वर्षाच्या आतील, अजून न रांगणाऱ्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पोटावर खेळू द्यावे. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसातून तीन तास तरी हालचाल व्हावी, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांत त्यातला एक तास चांगला दमवणारा असावा. बाबागाडीत किंवा खुर्चीत सलग तासाभरापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये. वर्षाच्या मुलाला मोबाईल-टीव्ही नकोच. दोन ते चार वर्षांत फार तर एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तमच. पाच वर्षांनंतर दररोज सरासरी एक तास जोमदार हालचाल आणि आठवड्यातून तीन दिवस हाडे-स्नायू बळकट करणारे खेळ, ही सूचना २०२० ची. पेढीवर गादीवर बसवून नातवाला हिशेब शिकवण्याचा आजोबांना मोठा आनंद असतो. शिकवावाच, पण उभ्याने. गिऱ्हाईकाला सुटी मोड नेऊन देण्याचे काम पाच वर्षांचे मूल धावत करते.

आता मालाची बाजू. कोकणच्या किनाऱ्यावरील इतर घरांतल्या मुलांना मासळीतून कॅल्शियम मिळते. जैन मुलांना तो मार्ग नाही, आणि त्याची गरजही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५५० मिलिग्रॅम आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलाला ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. पाव लिटर गाईच्या दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम असते. सकाळी पेलाभर दूध आणि दुपारी वाटीभर दही किंवा ताक झाले की बहुतांश भरणा होतो. उरलेले नाचणीतून, तिळातून, राजगिऱ्यातून. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, गहू-तांदळाच्या कितीतरी पट. कोकणातील वरकस जमिनीवर पिकणारे हे धान्य जैन स्वयंपाकघरात अजून पाहुण्यासारखे आहे. रात्रभर आंबवलेली आंबील आणि मोड आणून केलेले सत्त्व व्रतस्थ घरांना चालणार नाही. पण ताज्या पिठाची भाकरी, धिरडे, दुधात शिजवलेली पेज यांना कसलीच आडकाठी नाही. तिळात कॅल्शियम भरपूर, मात्र ते सगळेच शरीराला मिळत नाही, आणि लहान मुलाला तीळ नीट चावता येत नाहीत; म्हणून भाजून कुटलेले बरे. पालेभाजी पर्वतिथीला आणि चातुर्मासात वर्ज्य असते, आयंबिलाच्या ओळीत दूध, दही, तूपही. हौसेने ओळी करणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाची अनुमोदना जरूर करावी आणि पारण्यानंतर त्याच्या दूधदह्याकडे लक्षही द्यावे.

पुण्यात या संदर्भात झालेले काम सर्वांनी माहीत करून घ्यावे असे आहे. जहांगीर रुग्णालयाशी संलग्न संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय मुलांच्या हाडांवर दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यांच्या चमूने दोन-तीन वर्षांच्या गरीब घरांतील मुलांना वर्षभर लाडू दिले. एका गटाच्या लाडवात कॅल्शियम अधिक, दुसऱ्याच्या लाडवात कमी. 'ड' जीवनसत्त्व दोघांनाही. वर्षअखेरीस अधिक कॅल्शियमच्या लाडवांचा गट हाडांतील खनिजांच्या भरण्यात पुढे होता. हा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. महागडे डबाबंद पावडरीचे पेय नव्हे, लाडू! ज्या घरांत हिवाळ्यात तीळ-गुळाचे आणि राजगिऱ्याचे लाडू आधीपासून होतात, त्यांना हे वेगळे शिकावे लागू नये. फरसाणाच्या डब्याचे मात्र उलट आहे. मीठ जास्त गेले की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त बाहेर पडते. चार वाजता शाळेतून आलेल्या मुलासमोर फरसाण आणि चहा ठेवणारी घरे दुधाचा पेला एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेत असतात.

उन्हाबद्दल एक जुनी समजूत दुरुस्त करायला हवी. सकाळचे कोवळे ऊन बाळाला चांगले, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ऊब मिळते, पण 'ड' जीवनसत्त्व त्वचेत तयार करणारे किरण सात-साडेसातच्या तिरप्या उन्हात फारच थोडे असतात. ते सूर्य वर आल्यावर, साधारण दहा ते तीन या वेळात पोहोचतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन उपयोगाचे, ही सोपी खूण. कोकणच्या मे महिन्यात तेवढ्या वेळी मुलांना तासभर उन्हात ठेवणे वेडेपणा ठरेल. हात-पाय उघडे ठेवून थोडी मिनिटे पुरतात, आणि हिवाळ्यात थोडी अधिक. हवेतील धूर-धूळही आड येते. दिल्लीत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दाट प्रदूषणाच्या वस्तीतील बाळांच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्व स्वच्छ हवेतील बाळांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी आढळले. देशभर भरपूर ऊन असूनही ही कमतरता मोठ्या प्रमाणावर आहे. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिल्या वर्षी प्रत्येक बाळाला रोज ४०० एकक देण्याचा सल्ला देते. मोठ्या मुलांच्या बाबतीत मात्र आपल्या मनाने औषधाच्या पुड्या आणून देऊ नयेत. या जीवनसत्त्वाचा अतिरेक शरीरात साचतो आणि अपाय करतो.

उशिरा, म्हणजे दीड वर्ष उलटूनही न चालणारे मूल, बाकदार होत जाणारे पाय, मनगटाशी रुंद झालेली हाडे, लंगडत चालणे, रात्री झोपेतून उठवणारे एकाच जागचे दुखणे किंवा किरकोळ धक्क्याने वारंवार मोडणारे हाड, यांपैकी काही असेल तर खेळाचा सल्ला बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

सगळ्यात अवघड प्रश्न वेळेचा आहे, आणि तो जैन घरापुरता खास आहे. चौविहाराचे नियम पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपावे लागते. हिवाळ्यात सहाच्या सुमारास अंधार. शाळा सुटली की शिकवणी सहापर्यंत, त्यातच जेवण. म्हणजे इतर मुलांची खेळण्याची जी वेळ, तीच जैन मुलाची जेवणाची. नियमाला दोष देऊन उपयोग नाही, आणि ते योग्यही नाही. चौविहारामुळे मूल लवकर झोपते ही त्याची मोठी जमेची बाजू. पण जेवण हलत नसेल तर शिकवणी हलवावी. सूर्यास्तानंतरचे दीड-दोन तास या मुलांना मोकळेच असतात, तेव्हा अभ्यास सुखाने होतो. चार-साडेचारपासून जेवणापर्यंतचा वेळ मैदानाचा ठेवावा.

कणकवलीच्या त्या घराने नेमके हेच केले. आधी सूनबाईंचा विरोध होता, शिकवणीच्या बाईंचाही. आजोबांनी पेढीमागचे अंगण, जिथे रिकाम्या पोत्यांची थप्पी आणि तेलाचे डबे पडलेले असत, ते मोकळे करून घेतले. हमालांनीच चुन्याने लंगडीचे चौकोन आखून दिले. शेजारच्या कापडाच्या दुकानातली दोन आणि औषधाच्या दुकानातले एक, अशी तीन मुले येऊ लागली. पहिल्या आठवड्यात नातवाचा गुडघा दोनदा फुटला, त्यावर हळद लागली, आणि सूनबाईंनी एक दिवस अबोला धरला. पर्युषणापर्यंत तो एका दमात पंधरा उड्या घेऊ लागला होता. पाय दुखतात ही तक्रार केव्हा बंद झाली, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

आजी वॉकर घेऊन मागच्या दारात येऊन बसतात आणि कोण बाद झाले याचा निवाडा करतात. एकदा त्यांनी विचारले, "अहो, या वयात माझ्या खात्यात काही भरता येते का?" आजोबांनी तोच प्रश्न कोल्हापूरच्या डॉक्टरांना विचारला. उड्या नाहीत, हे उघड आहे. पण खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, रोज ठरावीक फेऱ्या, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध, यांनी निदान काढणे कमी करता येते, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवसापासून साडेचारला अंगणात नातवाच्या उड्या आणि दारात आजींच्या टाचा, असे दोन्ही एकाच वेळी सुरू झाले. मोजणीचे काम आजोबांकडे आहे.